ओठांवर न दिसणारा शब्द

मु. पो. मिरजगाव, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर
रविवार, दि. ६ जुलै २०२५

श्री. नोहा शमुवेल भिंगारदिवे यांस,

सलाम. आज चर्चमध्ये मंडळीची उपासना लवकर आटोपली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. अन्य विशेष कारण नाही.

तुला नाशिकहून आता तोफखान्यात घेतले, असे तुझ्या आईने परवा चुलीपाशी बसून सांगितले. मी "ऐकले" असे उत्तर दिले व भाकरी खाल्ली. अधिक काही विचारले नाही. बापाला न विचारता लष्करात भरती झालेल्या मुलाची चौकशी बापाने करीत फिरावे, हे मला योग्य वाटत नाही. तरी एक गोष्ट मनात राहिली आहे, ती लिहितो.

तोफखाना मला चांगला ठाऊक आहे. नगर शहरात, दिल्ली दरवाजाच्या बाजूला तो भाग आहे. विहिरींच्या कामाचे सामान आणण्यासाठी मी कित्येकदा तेथून गेलो आहे. अरुंद रस्ता, दुकाने, भाजी घेऊन बसलेल्या बाया. तेथे लष्कराचे ठाणे असेल असे मला कधी वाटले नव्हते. परंतु ज्या जागेच्या नावातच तोफ आहे तेथे ते असणारच. असो. मिरजगावहून नगर किती जवळ आहे हे तुला सांगावयास नको. इतक्या जवळ असून तू एकाही रविवारी घरी आला नाहीस. तुझी आई दर रविवारी एक ताट जास्त मांडते व तसेच उचलून ठेवते. मी तिकडे लक्ष देत नाही.

तू फोन करतोस तो आईलाच करतोस. ती मोबाईल माझ्यापुढे धरते तेव्हा मी तो घेत नाही. फोनवर बोलणे मला पसंत नाही. त्यात समोर माणूस नसतो व बोलण्याला शिस्त राहत नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे असले तरी आमच्या मास्तरांनी आम्हांला पत्र लिहावयास शिकविले होते. डावीकडे समास सोडावा, तारीख वर घालावी, खाडाखोड करू नये. मला ज्याला काही सांगावयाचे असेल त्याने लिहून सांगावे.

शेवटी एक. तुझ्या जवळपास तोफ उडत असेल तर त्या वेळी तोंड उघडे ठेवावे. मिटू नये. कारण विचारू नये.

आपला,
शमुवेल लक्ष्मण भिंगारदिवे

ता. क. रविवारी सुटी मिळत असल्यास आईस कळविणे. म्हणजे ताट मांडावयाचे की नाही हे तिला ठरविता येईल.

मिरजगाव
रविवार, दि. ३ ऑगस्ट २०२५

चि. नोहा यास,

सलाम. सोबत माझे ६ जुलैचे पत्र जोडले आहे. पाकिटावरील शिक्का पाहावा. मी त्यावर "नोहा शमुवेल भिंगारदिवे, सैनिक, तोफखाना, अहिल्यानगर" असा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला होता. तरी ते "पत्ता अपुरा" म्हणून परत आले. पोस्टमन अजिनाथ ते घेऊन दारात आला तेव्हा ओट्यावर चार माणसे बसली होती. "काका, तोफखान्यात लई घरं हायेत. नुस्तं सैनिक म्हणून कुणाला हुडकायचं त्येंनी?" असे तो सर्वांदेखत म्हणाला. मी पाकीट खिशात घातले. त्याला चहा दिला नाही.

यापुढील हकीकत तुझ्या आईस सांगू नये, या अटीवर लिहितो.

विहिरीवरील मोटारीचा एक सुटा भाग आणावयाचा आहे, असे सांगून मी नगरला निघालो. डब्यात हुलग्याचे शेंगोळे मागून घेतले. ते तुला आवडतात म्हणून नव्हे. घरात हुलगे होते. तोफखान्यात पोचल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजू शेवटपर्यंत पाहिल्या. फाटक नाही, पहारेकरी नाही, गणवेशातील एकही माणूस नाही. शेवटी मेथी-कोथिंबीर घेऊन बसलेल्या एका बाईसमोर उभा राहिलो. तिचे नाव रंगुबाई असल्याचे नंतर समजले. आमचे बोलणे झाले तसेच लिहितो. भाषा तिची आहे.

मी विचारले, "बाई, येथील लष्कराची तोफ कोठे आहे?"

"तोफ? आजोबा, हितं टिकल्यांची बंदूक सुदिक दिवाळीबिगार मिळत न्हाई."

"माझा मुलगा येथे तोफखान्यात नोकरीस आहे."

ती काही बोलली. मी मान डोलावली. ती पुन्हा बोलली. मी पुन्हा मान डोलावली. तेव्हा तिने हातातील जुडी खाली टाकली, टोपल्यांना वळसा घालून माझ्या उजव्या अंगाला आली व मोठ्याने म्हणाली, "आवो, मी इचारतीया पोराचं नाव काय, आन् तुमी आपले नंदीबैलावानी मान हालिवताय! ह्या कानानं ऐकता व्हय?"

रस्त्यावर गर्दी फार आहे, असे मी तिला उत्तर दिले.

मग तिने सांगितले. तिचा भाचा लष्करात आहे, त्यामुळे तिला ठाऊक होते. "तोफखाना म्हंजी तोफांचं खातं, आजोबा. लष्करातलं. तुमचं पोरगं नाशिकलाच आसंल ट्रेनिंगला. आमचा ह्यो तोफखाना नुस्ता नावाला. हितं भडकला तर कांद्याचा भाव भडकतो." शेजारच्या दोघी बाया हसल्या. मीही हसलो, असे त्यांना वाटले असावे.

डबा भरलेला परत नेला असता तर घरी प्रश्न आला असता. म्हणून तो मी रंगुबाईस दिला. तिने तेथेच उघडून एक शेंगोळा तोंडात टाकला व म्हणाली, "पोरगं लकी हाय बरं का." शब्द इंग्रजी होता, पण मला समजला. तिने बळेच कोथिंबिरीच्या दोन जुड्या माझ्या पिशवीत घातल्या.

राहिला तुझा पत्ता. तो आईच्या मोबाईलमध्ये होता. तुझ्यासाठी मंडळीत प्रार्थना करावयाची आहे, तेव्हा पत्ता हवा, असे मी तिला म्हटले. ती म्हणाली, "देवाला पत्ता लागतो व्हय?" तरी कागदावर उतरवून दिला.

तेव्हा मागील पत्रातील रविवारी न येण्याबद्दलचा सर्व मजकूर रद्द समजावा. तोंड उघडे ठेवण्याबद्दलचा मजकूर कायम आहे. त्यात आणखी असे की, तुम्हांला कानात घालण्यास काही देत असतील तर ते न लाजता घालावे. इतर मुले ते न घालता शौर्य दाखवीत असतील तर त्यांना दाखवू द्यावे.

उत्तर लिहावे. अक्षर कसेही असले तरी चालेल. माझ्याकडे चष्मा आहे.

तुझे वडील,
शमुवेल

मिरजगाव
रविवार, दि. १४ सप्टेंबर २०२५

चि. नोहा यास,

सलाम. तुझे उत्तर आले नाही. प्रशिक्षणात वेळ मिळत नसेल, असे मी आईस सांगितले. तिने विचारले नव्हते.

येथे सर्व ठीक आहे. तूर वाढीला लागली आहे. टीव्हीवर सीमेच्या बातम्या लागल्या की तुझी आई उठून अंगणात जाते व नसलेली कामे काढते. मी बसतो व खालून जी अक्षरांची पट्टी धावते ती वाचतो. तीत मोजके व नेमके असते. आवाजाची गरज पडत नाही.

परवा ती तुझ्याशी फोनवर बोलली आणि पदराने डोळे पुसत पायरीवर बसली. मी काय झाले ते विचारले. डिसेंबरात प्रशिक्षण संपल्यावर जी सुटी मिळते तीत तू घरी येणार नाहीस. तुझ्यासोबतच्या करण नावाच्या मुलाकडे जामखेडला राहून तेथूनच पलटणीत जाणार, असे तिने सांगितले. कारण विचारताच ती पायरीवरून उठून माझ्या उजवीकडे आली. एरवी ती मोठ्याने बोलत नाही. परवा बोलली.

"तुमाला ठावं न्हाई व्हय कारन? पोरगं निघालं तवा फाट्यावर तीनदा म्हणलं, पप्पा, येतो. तीनदा! आन् तुमी एसटीकडं थोबाड करून हुबे. आवो, दारावरनं बोहारीण गेली तर तिला बी मानूस 'ये' म्हणतं. पोटच्या पोराला म्हणला न्हाई तुमी!"

"मला न विचारता भरती झाला तो."

"न इचारता? मोटारीच्या खोलीत यिऊन इचारलं की त्यानं. पप्पा, भरतीचा फॉरम भरू का? तुमी म्हणला, बरं. मी दारात हुते. माझ्या कानांनी ऐकलंय."

मोटार चालू होती, नोहा. मोटार चालू असताना मी सर्वांनाच "बरं" म्हणतो.

हे मी तिला म्हटले नाही. तुला लिहीत आहे.

आपल्याकडे घरातून निघणारा "जातो" म्हणत नाही. "येतो" म्हणतो. मागे राहणाऱ्याने त्यावर "ये" म्हणावयाचे असते, आणि तो शब्द मिळाल्याखेरीज निघणाऱ्याने पाऊल उचलू नये. हे तुला मीच शिकविले आहे. पहिल्यांदा शाळेत निघालास तेव्हा मी विहिरीच्या कामावर जाण्याच्या घाईत होतो, आणि तू दप्तर पाठीला लावून उंबऱ्यावर "ये म्हणा की" असा हट्ट धरून उभा होतास, तेही मला आठवते. तेव्हा हा शब्द लहान आहे असे मी म्हणणार नाही.

फाट्यावर त्या दिवशी गाडीचा आवाज फार होता. मी पाटी वाचण्यासाठी मान वळविली होती. एवढेच घडले. याहून अधिक लिहिण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

सुटी कोठे घालवावी हा तुझा प्रश्न आहे. घर जागेवर आहे.

तुझे वडील,
शमुवेल

ता. क. शेंगोळे कोणासाठी नेले होते ते आईने ओळखले. "मोटारीचा पार्ट आनाया गेलं आन् कोथमीर घिऊन आलं," असे ती शेजारी सांगत होती म्हणे.

मिरजगाव
रविवार, दि. २ नोव्हेंबर २०२५

प्रिय नोहा,

हे पत्र उपासनेस न जाता लिहीत आहे. येथपर्यंत वाचून झाले की पत्र खिशात ठेवावे, तेथील डॉक्टरकडे जाऊन दोन्ही कान दाखवावे आणि मग पुढे वाचावे.

काल जेवताना तुझी आई म्हणाली, "नोहा आताशा फोनवर सारखं 'आई, मोठ्यानं बोल, मोठ्यानं बोल' करतो. तिकडं रेंज नसंल." ती रेंजच समजून बसली आहे. मी ताटावरून उठलो. हात धुतला की नाही ते आठवत नाही.

सरळ फाट्यावर बजरंगच्या टपरीवर गेलो. बजरंग हा आपल्या विहिरींच्या कामावर क्रेन चालवीत असे, हे तुला ठाऊक आहे. माझ्याविषयीची एक गोष्ट इतकी वर्षे त्याला एकट्याला माहीत आहे. तुझे दोन ओळींत सांगितले. त्याने चहाचे भांडे खाली उतरविले आणि गिऱ्हाइकांसमोर मला बोलला.

"बाप तसा ल्योक. त्यो बी आता दडवीत बसंल. शमुवेल, आरं, 'मी भैरा हाय' येवढं एक वाक्य लिव्ह की त्याला! चौथी पास हायस न्हवं? त्यात जोडाक्षर बी न्हाई."

मी घरी येताना वाटेत ते वाक्य शुद्ध करून पाहिले. त्यातही जोडाक्षर नाही. तेव्हा लिहितो.

मी बहिरा आहे.

डावा कान पूर्ण गेला आहे. उजव्याने कोणी जवळ येऊन बोलल्यास ऐकू येते. तू लहान होतास तेव्हाचे हे. जामखेडच्या बाजूला एका विहिरीत काळा पाषाण लागला होता. सुरुंग भरले, वाती पेटविल्या, मी शिडीने वर येत होतो. वरच्या माणसांना मागे हटविण्यासाठी "बार हाय, बार!" असे ओरडत होतो, तोच एक बार वेळेआधी उडाला. ओरडत होतो म्हणून तोंड उघडे होते. मिटलेले असते तर दोन्ही कान गेले असते, असे डॉक्टर म्हणाले. तुला मी कारण विचारू नये असे लिहिले होते, ते कारण हे.

गुडघे दुखतात म्हणून मी विहिरींची कामे सोडली, असे घरी सांगितले. माझे गुडघे उत्तम आहेत. जितके सुरुंग भरले तितके बार वर उभे राहून मोजावे लागतात. एक जरी ऐकू आला नाही तरी तो उडाला की तसाच खाली जिवंत राहिला हे कळत नाही, आणि माणसे तर खाली उतरावयाची असतात. मला मोजता येईना. म्हणून सोडली. ते योग्य केले असे आजही वाटते. घरी लपविले ते मात्र निराळे. बहिऱ्या माणसाला लोक हसतात आणि कठोर माणसाला मान देतात. मला कोणी कठोर म्हटले तर चालत होते. तू म्हटलेस तरी चालेल, असे मी समजत होतो.

लहानपणी तुझा आवाज बारीक होता. तो मला ऐकू येत नसे. तू काहीबाही सांगत माझ्यामागे शेतभर फिरत असायचास आणि मी मान डोलावीत असे. पुढे तुझा आवाज फुटला, जाड झाला. एके दिवशी तू गोठ्यातून कोणाला तरी हाक मारलीस, आणि माझ्या हातातील विळा थांबला. इतक्या लांबून मला ऐकू आले होते. त्या दिवशी मी तुला उगाच दोन-तीनदा हाक मारून काहीतरी विचारले. तुला आठवत नसेल. तोवर तू माझ्याशी बोलणे कमी केले होतेस, आणि का केले होतेस ते मला आता समजते.

आता फाट्याचे. मी तुला शब्द नाकारला नाही, नोहा. "पप्पा" हा शब्द ओठांवर दिसतो, दोन वेळा ओठ मिटतात. तो मला लांबूनही वाचता येतो. "येतो" ओठांवर दिसत नाही. त्यात ओठ कोठेच मिटत नाहीत. आरशासमोर म्हणून पाहावे. तू "पप्पा" म्हणालास ते मी पाहिले. पुढे काय म्हणालास ते दिसले नाही, ऐकू आले नाही. अशा वेळी मान वळवून पाटी वाचू लागावे, हे मला सवयीने जमते.

तू असे करू नकोस. मी विहिरीवरचा माणूस, काम सोडून घरी बसू शकलो. तू तोफेजवळ उभा राहणार. तुला हुकूम ऐकू आला नाही तर शेजारच्या मुलाचे काय होईल? कान वाजत असेल, कमी येत असेल, जे असेल ते उद्याच सांग. काढून टाकतील याची भीती वाटत असेल तर काढू देत. मी तुला तोफखान्यात शोधावयास एकदा चुकीच्या ठिकाणी जाऊन आलो आहे. या खेपेस बरोबर ठिकाणी येऊन घेऊन जाईन.

त्या दिवशीचा राहिलेला शब्द मी येथे लिहून पाठवू शकतो. परंतु तो तोंडाने द्यावयाचा असतो, समोर उभे राहून. म्हणून राखून ठेवला आहे.

तुझा,
पप्पा

मिरजगाव
रविवार, दि. २३ नोव्हेंबर २०२५

माझ्या नोहा,

मळ!

तुझे पत्र अजिनाथने आणले. या वेळी त्याला चहा दिला, वर बिस्किटे दिली. तो पाकीट हातात ठेवून उभाच राहिला, तेव्हा त्याच्यासमोरच फोडले. "डॉक्टरसाहेबांनी दोन्ही कानांतून वाटाण्यायेवढे मळाचे खडे काढले आणि म्हणाले, गनर, तू कान धुतोस की नाही?" हे मी दोनदा वाचले, मग अजिनाथला वाचून दाखविले, मग फाट्यावर जाऊन बजरंगला वाचून दाखविले. बजरंगने टपरीवरच्या सर्वांना सांगितले. त्याबद्दल क्षमा असावी.

पत्र चांगले आहे. समास सोडलेला नाही. "आशीर्वाद" या शब्दातील "शी" दीर्घ असते. बाकी अक्षर वळणदार झाले आहे.

"लहानपणापासून मला वाटायचं की पप्पा ऐकतात पण उत्तर द्यायच्या लायकीचं समजत नाहीत," असे तू लिहिले आहेस. ही ओळ मी कोणालाही वाचून दाखविली नाही. तेवढा भाग घडी घालून आत दुमडला आहे.  

तुझ्या आईसही सांगितले. मला वाटले होते ती रडेल. ती म्हणाली, "कमी ऐकता ते ठावं हुतं. पार भैरे हाय ते न्हवतं ठावं. मला वाटायचं, तुमाला पायजे तेवढं बरूबर ऐकू येतं." मग म्हणाली, "मंडळीत मी गाते ते?" ऐकू येत नाही, असे सांगितले. उंच सूर मला मुळीच ऐकू येत नाहीत. दर रविवारी मी तिचे तोंड पाहतो व कोणते गीत चालू आहे ते ओळखतो. ती उठून स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी माझ्या उजव्या कानाशी बसून तिने एक गीत जाड आवाजात म्हणून दाखविले. ते फार वाईट लागले. आम्ही दोघेही पुष्कळ हसलो.

जिला तुम्ही कसम परेड म्हणता त्या शपथेच्या परेडला आम्ही दोघे येत आहोत. बजरंगही येतो म्हणत आहे. त्याला नको म्हणणे कठीण आहे. सुटीत घरी येण्याचे लिहिलेस ते वाचले. करणलाही घेऊन यावे. नाताळ आहे, घरात माणसे असावीत.

ताटे मांडून ठेवतो.

तुझा,
पप्पा

मिरजगाव
रविवार, दि. ४ जानेवारी २०२६

माझ्या नोहा,

तू शुक्रवारी गेलास आणि आज मी पत्र लिहावयास बसलो, म्हणून आई हसते आहे. तू पलटणीत अजून पोचलाही नसशील, पत्र तुझ्याआधी जाऊन बसेल, असे तिचे म्हणणे. बसू दे. कोणीतरी आधी जाऊन तुझी वाट पाहत असलेले बरे.

नाशिकचा फोटो करणच्या भावाने मोठा करून पाठविला. आपण तिघे उभे आहोत. तुझ्या अंगावर गणवेश, आईच्या अंगावर मोरपंखी साडी, माझ्या छातीवर ते पदक, जे तुमचे साहेब जवानांच्या आईबापांना लावतात. सर्व ठीक आहे, परंतु माझे तोंड उघडे आहे, चांगले आ वासलेले. फोटो काढणाऱ्याने बटण दाबले आणि त्याच क्षणी मैदानाच्या कडेची तोफ उडविली गेली. सवयीने उघडले. फोटो टपरीवर नेल्यावर बजरंग म्हणाला, "शमुवेल, पदक बघून जबडा निखळला व्हय रं?" मी तो भिंतीवर लावणार नव्हतो. मग नीट पाहिले. तुझेही तोंड उघडे आहे. दोघांचे सारखेच. आता तो दारासमोरच लावला आहे.

तोफेचा तो आवाज मला दोन्ही कानांनी ऐकू आल्यासारखा वाटला. कान नव्हे, छाती ऐकते तो. तेथे उभ्या असलेल्या इतक्या मुलांत तू कोणता हे मला सुरुवातीस कळत नव्हते. सर्वांचे केस सारखे, चालणे सारखे. तेव्हा भीती वाटली, ती लिहून ठेवतो. माझा मुलगा सर्वांसारखा झाला, आता मी त्याला ओळखू कसा, अशी ती भीती होती. सीमा, बर्फ, गोळे यांची भीती आहेच, ती तुझी आई बाळगते व मी अक्षरांच्या पट्टीत वाचतो. ही निराळी होती. मग शपथ घेताना सर्वांची तोंडे एकदम हलू लागली आणि तुझे ओठ मी लांबून ओळखले.

सुटीत तू माझ्या उजव्या बाजूला बसून जेवलास. आई तुला जागा देण्यासाठी डावीकडे गेली आणि मला तिचे बोलणे ऐकू येईनासे झाले. ती काय म्हणते ते तू मला मोठ्याने सांगत होतास आणि त्यात तिखटमीठ लावीत होतास, हे मला कळत होते. तरी मी "ऐकले" म्हणत होतो. कानाच्या यंत्राचा विषय तू काढलास. त्याबद्दल विचार करीन असे म्हटले आहे. करीत आहे.

आता शुक्रवारचे, ज्यासाठी हे पत्र आहे.

फाट्यावर तू पिशवी खाली ठेवलीस, टोपी काढलीस आणि वळसा घालून माझ्या उजव्या अंगाला आलास. तुझे ओठ माझ्या कानाला लागले, इतक्या जवळून म्हणालास, "पप्पा, येतो." ऐकू आले. पहिल्या वेळेलाच ऐकू आले. काय म्हणावयाचे हे मला ठाऊक होते. इतके महिने तो शब्द जवळ होता, शेतात, मोटारीच्या खोलीत, एकटा असताना मी तो म्हणूनही पाहत असे. आणि ऐन वेळी तो निघेना. तू थांबलास. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. वाहकाने घंटी मारली. आई म्हणाली, "चढ रं, गाडी निघाली." तू चढलास.

खिडकीशी बसलास तेव्हा तो निघाला. आई म्हणते, साऱ्या फाट्याला ऐकू गेला. टपरीवरची माणसे वळून पाहू लागली, आणि बजरंग हातात किटली घेऊन तसाच उभा राहिला. परंतु थंडीची काच लावलेली होती व गाडी घरघरत होती. तू आतून कानाला हात लावलास. मग आम्हांला वाईट वाटू नये म्हणून हसलास आणि मान डोलावलीस.

न ऐकता डोलावलेली मान मी ओळखतो, नोहा.

आणि हा शब्दही ओठांवर दिसत नाही. घरी येऊन आरशासमोर पाहिले. ओठ मिटत नाहीत. म्हणून तोंडाने द्यावयाचा असला तरी लिहून देत आहे. पत्ता या वेळी पूर्ण आहे, तो आईने दोनदा तपासला आहे. हा कागद जेथे असशील तेथे जवळ ठेव.

ये.

पप्पा